पाते उघडे की मिटलेले: हरणाच्या शिकारीसाठी बाणाचे टोक निवडतानाच्या नोंदी

8 जून 2024, शनिवार. कोलंबस, ओहायो

गेल्या नोव्हेंबरातली हरणाची मादी मिळाली नाही. त्या दिवसापासून हे काम डोक्यात आहे, आज वही उघडली.

कोशॉक्टन काउंटीतल्या शेतावर 25 यार्डांवरून मारलेला बाण मनात धरलेल्या जागेपेक्षा चार बोटे पुढे, खांद्याच्या हाडावर लागला. टोक मेकॅनिकल होते, म्हणजे हवेत पाती मिटलेली आणि अंगावर आपटली की उघडणारी. बाण वीतभरही आत गेला नाही. साठ-सत्तर यार्डांवर तो गळून पडलेला सापडला, पाते वाकलेले. पुढे थोडे रक्त होते, मग तेही थांबले. दीड दिवस शोधले. शेताचे मालक वयाने माझ्या वडिलांएवढे, तेही बरोबर फिरले. नेम चुकला तो माझा. पण तोच बाण, त्याच जागी, वेगळ्या टोकाने आत गेला असता का, या प्रश्नाचे उत्तर मला हवे आहे. जखमी जनावर रानात सोडून घरी येणे पुन्हा नको.

टेबलावर दोन डब्या आहेत. एकीत फिक्स्ड: तीन पाती कायम उघडी, रुंदी सव्वा इंचाला थोडी कमी (1⅛ इंच). दुसरीत मेकॅनिकल: दोन पाती, मागच्या बाजूने उघडणारी, उघडल्यावर रुंदी 2 इंच. वजन दोन्हींचे 100 ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आत-बाहेर.

9 जून, रविवार

नियम आधी पाहून घेतले. ओहायोत धनुष्याचा ओढ-भार (दोरी ओढायला लागणारा जोर) किमान 40 पौंड हवा, टोकाला किमान दोन धारदार पाती आणि रुंदी पाऊण इंच. पाती उघडी असोत वा मिटलेली, दोन्ही चालतात. खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी लागते, ती आहे. म्हणजे कायदा दोन्हींना मोकळे सोडतो, निर्णय आपल्यावरच.

वही वाचून बायको म्हणाली, "अरे, रुंदी मोजतोस तशी काप पण मोज की." मोजली. दोन पात्यांच्या 2 इंची टोकाची काप एकूण 2 इंच. तीन पात्यांच्या 1⅛ इंची टोकात प्रत्येक पाते मध्यापासून 9/16 इंच, तिन्ही मिळून 1.69 इंच. आणि चार पात्यांचे 1 इंची टोक घेतले तर काप पुन्हा पूर्ण 2 इंच. जाहिरातीत "दुप्पट रुंद" असे वाचून जो फरक वाटतो, तो कापेच्या लांबीत एवढा नाही. जखमेचा आकार मात्र वेगळा पडतो. दोन पात्यांची चीर लांब असते पण मिटू शकते, तीन पात्यांचे भोक छोटे असले तरी त्रिकोणी उघडे राहते.

22 जून, शनिवार

बाणाचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ आणला. माझे धनुष्य 60 पौंड, ओढ (दोरी मागे येण्याची लांबी) 27 इंच. बाण टोकासकट 425 ग्रेन, वेग सेकंदाला 252 फूट. ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 450240: सुमारे 60 फूट-पौंड ऊर्जा.

बायकोचे धनुष्य 46 पौंड, ओढ 25 इंच, बाण 368 ग्रेन, वेग 212. उत्तर 36.7.

बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या प्रचलित कोष्टकात हरणासाठी 25 ते 41 फूट-पौंड हा पल्ला दिलेला असतो, त्यावरच्या मोठ्या जनावरांसाठी 42 ते 65. म्हणजे दोघेही हरणापुरते पुरेसे आहोत, पण माझ्याकडे शिल्लक आहे आणि तिच्याकडे फारशी नाही. पाती उघडायला जी ऊर्जा लागते आणि रुंद चीर पाडत पुढे जायला जी लागते, ती या शिल्लकीतून जाणार. उत्तर दोघांचे एकच येईल असे मी धरून चाललो होतो, ते आजच खोडले.

6 जुलै, शनिवार

30 यार्डांवर पहिली फेरी. सरावाच्या, पाती नसलेल्या टोकांनी तीन बाण मुठीत मावतील एवढ्या जागेत. मेकॅनिकलचे तीन त्यांच्याच शेजारी. फिक्स्डचे तीन डावीकडे 5 इंच आणि खाली 2. पुन्हा मारले, पुन्हा तिथेच.

इथेच बहुतेक लोक मेकॅनिकलकडे वळतात आणि मला ते समजते. सरावात जिथे लागते तिथेच शिकारीत लागावे, ही मागणी अगदी रास्त आहे. पण आज मनात दुसरे आले. फिक्स्डची उघडी पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला लावलेली पिसेच. बाण धनुष्यातून किंचित तिरका निघाला तर मागची पिसे त्याला सरळ करायला बघतात आणि पुढची पाती हवेत धरून त्याला बाजूला नेतात. मिटलेल्या पात्यांना हवा धरायला जागाच नसते, म्हणून ते टोक बाणाचा तिरकेपणा दिसू देत नाही. तिरकेपणा मात्र बाणात असतोच. आणि तिरका बाण अंगावर आदळला की जोराचा काही भाग दांडा वाकवण्यात जातो, आत जाण्यात नाही.

गेल्या नोव्हेंबरात माझा बाण कसा निघाला होता हे मला कधीच कळणार नाही. पण हेच धनुष्य होते, याच सेटिंगवर.

20 जुलै, शनिवार

दोन आठवडे फक्त जुळवणी. टोकांची तुलना बाजूलाच राहिली, पण मला वाटते सगळ्या प्रकल्पात हेच सर्वांत उपयोगी काम झाले. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट बाणच. प्रत्येक बाण तळहातावर टोक टेकवून भोवऱ्यासारखा फिरवला. सहापैकी दोन डगमगत होते. टोक काढून पाहिले: दांड्याचे कापलेले तोंड काटकोनात नव्हते, त्यामुळे आतली धातूची बैठक तिरकी बसलेली. दोन्ही बाणांची तोंडे घासून चौरस केली, बैठका पुन्हा चिकटवल्या. आता सहाही स्थिर फिरतात. सरावाच्या टोकाने हा दोष महिनोन्महिने दिसला नसता.

दुसरी गोष्ट माझा हात. बायकोने मागून फोनवर चित्रीकरण केले. मी मूठ आवळतो आणि सोडताना धनुष्य डावीकडे पिळले जाते. बोटे सैल, भार अंगठ्याच्या मुळाशी, असे आठवडाभर रोज संध्याकाळी पाच यार्डांवरून डोळे मिटून मारले. एवढ्यानेच फिक्स्डचा डावीकडचा झोल 5 वरून 3 इंचांवर आला.

तिसरी गोष्ट रेस्ट, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो तो आधार. नियम सोपा आहे: फिक्स्ड टोकाला सरावाच्या टोकाकडे ज्या दिशेने न्यायचे, त्या दिशेने रेस्ट सरकवायची. माझी फिक्स्ड डावीकडे आणि खाली, म्हणून रेस्ट उजवीकडे आणि वर. एका वेळी 1/32 इंच, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी दोन्ही टोकांचे तीन-तीन बाण, आणि मधे साईटला (धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेला) अजिबात हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी मी मधेच साईट हलवली आणि काय कशामुळे बदलले तेच कळेना, संध्याकाळ फुकट गेली. दोन्ही गट एकत्र आले की मगच साईट सरकवायची.

चौथ्या दिवशी 30 यार्डांवर दोन्ही गट एकमेकांत मिसळले. आज 40 यार्डांवर फिक्स्ड आणि सराव यांच्यात दीड-दोन इंचांचा फरक आहे, आणि तेवढा माझ्या हाताचा असू शकतो.

म्हणजे "मेकॅनिकल सरळ उडते" हा मुद्दा माझ्यापुरता निकालात निघाला. ते सरळ उडते खरे, पण आता फिक्स्डही उडते.

27 जुलै, शनिवार

वारा बराच होता, म्हणून मुद्दाम मैदानावर गेलो. आडव्या वाऱ्यात 40 यार्डांवर फिक्स्ड मेकॅनिकलपेक्षा दोन ते तीन इंच जास्त वाहवते. 20 ला फरक दिसत नाही. मी जंगलात 30 च्या पुढे मारत नाही. ज्यांची मोकळी माळराने आहेत आणि पल्ला लांब आहे, त्यांनी याला माझ्यापेक्षा जास्त वजन द्यावे. फिक्स्डच्या पात्यांतल्या खिडक्यांमुळे किंचित शिट्टीही येते, लक्ष्याजवळ उभ्या बायकोला ती स्पष्ट ऐकू आली (ती जाड झाडामागे होती, बाजूला).

10 ऑगस्ट, शनिवार

आत जाण्याची चाचणी. फोमच्या ठोकळ्यावर भिजवलेले चामडे ताणले, त्यावर अर्धा इंची प्लायवूड. प्लायवूड म्हणजे हाड नव्हे हे ठाऊक आहे, पण दोन्ही टोकांना सारखीच परीक्षा.

20 यार्डांवरून माझ्या धनुष्याने: फिक्स्ड प्रत्येक वेळी प्लायवूड फोडून 7 ते 9 इंच आत. मेकॅनिकल 3 ते 5 इंच, आणि चारपैकी एकदा पाते वाकले. प्लायवूड काढून फक्त चामडे आणि फोम ठेवला तर दोन्हींतला फरक बराच कमी होतो, फिक्स्ड पुढेच पण मेकॅनिकलही हरणाची छाती ओलांडेल एवढे आत जाते. म्हणजे फासळ्यांवर दोन्ही चालतील, खांद्याच्या हाडावर एकच.

मग बायकोच्या धनुष्याने. फिक्स्ड प्लायवूडमधून 3 इंच. मेकॅनिकल प्लायवूडवरच थांबले, पाती अर्धी उघडलेली. तिने बाण उपटून हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि डबीत परत ठेवला. तिचा निर्णय झाला होता.

तिरक्या कोनाची चाचणीही केली, ठोकळा 45 अंशांत वळवून. मागून उघडणारे टोक आत शिरले, पण एका बाणात एक पाते दुसऱ्याच्या आधी उघडून दांडा किंचित वळलेला दिसला. फिक्स्ड सरळ गेले.

24 ऑगस्ट, शनिवार

इतके सगळे एका बाजूला झुकल्यावर दुसरी बाजू प्रामाणिकपणे लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत मोठा आकडा माझ्या विरुद्ध आहे.

मेरीलँडमध्ये पोटोमॅक नदीकाठी इंडियन हेड नावाचा नौदलाचा तळ आहे. तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी धनुष्याने शिकार करू देतात आणि लागलेल्या प्रत्येक बाणाची नोंद ठेवतात. 1989 पासून दोन दशकांहून जास्त काळाच्या या नोंदींत, बाण लागलेल्या हरणांपैकी फिक्स्ड टोकाने सुमारे 82 टक्के हाती लागली आणि मेकॅनिकलने सुमारे 91 टक्के. तळावर शिकार करणाऱ्यांना आधी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते, म्हणजे ही नवशिक्यांची गर्दी नव्हे.

दुसरीकडे डॉ. एड ॲशबी. त्यांनी आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर वर्षानुवर्षे बाणांच्या चाचण्या केल्या, आणि त्यांचा सगळा भर जड बाण, मजबूत फिक्स्ड टोक आणि आत जाण्यावर. जाड हाडासाठी त्यांनी सांगितलेली बाणाच्या एकूण वजनाची किमान 650 ग्रेनची मर्यादा धनुर्धारी लोकांत प्रसिद्ध आहे.

हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे समजायला मला तीन दिवस लागले. इंडियन हेडची हरणे पांढऱ्या शेपटीची, आपल्याकडच्या ओहायोसारखीच, बारीक फासळ्यांची. तिथे बहुतेक बाण हाडावर नाही, मऊ भागात लागले असणार. मऊ भागात, विशेषतः थोडे मागे सरकलेल्या बाणाला, रुंद चीर जास्त रक्त काढते आणि माग सोपा होतो. ॲशबींचा प्रश्न बाण हाडावर लागला तर काय, हा. म्हणजे मी स्वतःला विचारायचे ते असे: माझा बाण चुकतो तेव्हा पुढे चुकतो की मागे?

वहीतल्या सरावाच्या नोंदी काढल्या. दमल्यावर मी पुढे चुकतो, खांद्याकडे. गेल्या वर्षीही तेच. मागे चुकणाऱ्या माणसाला मी आज मेकॅनिकल सुचवीन, माझ्यासारखे 60 फूट-पौंड हातात असतील तर.

14 सप्टेंबर, शनिवार

गणपतीमुळे आठवडाभर धनुष्याला हात लागला नाही. आज ठरवून टाकले. दोघांनाही फिक्स्ड, तीन पात्यांचे, 100 ग्रेन. बायकोची मर्यादा 20 यार्ड आणि फक्त आडवे, म्हणजे कूस आपल्याकडे असलेले हरीण. माझी 30, आडवे किंवा मागून तिरके. समोरून तिरके कधीच नाही, टोक कोणतेही असो.

सरावात मारलेली पात्यांची टोके वेगळी ठेवली. फोममध्ये एकदा मारलेले पाते बोथट होते हे हाताला लगेच कळत नाही. ताणलेल्या रबरबँडवर पाते नुसते टेकवून पाहिले: धारेने तो तुटायला हवा. डबीतून नवे काढलेल्या तीन टोकांपैकी एकाने तोडला नाही. ते दगडावर लावून घेतले.

28 सप्टेंबर, शनिवार

आज हंगाम सुरू झाला, पण घरीच बसलो. हेलीन वादळाचे उरलेले पाऊस-वारे कालपासून ओहायोवर आहेत. उन्हाळाभर दुष्काळ होता, जमिनीला पावसाची गरजच होती. पावसात रक्ताचा माग धुऊन जातो, म्हणून बाहेर पडण्यात अर्थ नव्हता.

12 ऑक्टोबर, शनिवार. दसरा

साताऱ्याला वडील खंडेनवमीला कोयता, विळा आणि स्कूटर पुजायचे. इथे काल संध्याकाळी पाटावर दोन्ही धनुष्ये आणि सहा बाण मांडले, टोकांना हळद-कुंकू बोटाने नाही तर कापसाने लावले. आज वडिलांना फोनवर दाखवले. ते म्हणाले, "जनावर तडफडू देऊ नकोस." भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि 1991 च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच झाली, त्यामुळे आमच्या घरात कुणी शिकार पाहिलेलीच नाही. इथे हरणे इतकी आहेत की दरवर्षी हजारो गाड्या त्यांना धडकतात. हे वडिलांना मी पूर्वी समजावले होते, आज त्यांनी विचारले नाही.

26 ऑक्टोबर, शनिवार. कोशॉक्टन काउंटी

सकाळी 8:35. मचाण 18 फूट उंच, ओकचे झाड, खाली नुकती पडलेली कोरडी पाने. मादी 22 यार्डांवर, मागून तिरकी, मान खाली. शेवटच्या फासळीच्या थोडे पुढे नेम धरला, बाण पलीकडच्या पुढच्या पायाकडे निघेल असा. 22 यार्डांना बाणाला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, दोरीचा आवाज त्याआधीच पोचतो. ती खाली दबली, पण थोडीच. बाण लागल्याचा आवाज भरीव आला. ती उडी मारून झाडीत गेली.

अर्धा तास मचाणावरच बसून राहिलो.

खाली उतरलो तर बाण नव्हता. पहिल्या वीस यार्डांत रक्ताचा एक थेंब नाही. मग एका पानावर गुलाबी, फेसाळ ठिपका: फुप्फुस. तिथून पुढे दर चार-पाच यार्डांना एखादा थेंब. शेताचे मालक आले, त्यांनी प्रत्येक ठिपक्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवायला सांगितले, म्हणजे मागे वळून पाहिले की रेष दिसते. गुडघ्यांवर रांगत शोधले. एक तास पन्नास मिनिटे लागली. ती 85 यार्डांवर पडलेली होती, बहुधा पहिल्याच मिनिटात गेलेली.

मी तिच्या शेजारी बसलो. गेल्या वर्षीची मादी आठवली.

27 ऑक्टोबर, रविवार

काल कातडी काढताना नीट पाहिले. बाण दोन फासळ्या कापून आत गेला, दोन्ही फुप्फुसांतून आरपार, आणि पलीकडच्या पुढच्या पायाच्या हाडात रुतून थांबला. बाहेर पडण्याचे भोकच नाही. आत शिरण्याचे भोक उंचावर, मचाणावरून मारल्यामुळे, आणि छोटे. रक्त छातीच्या पोकळीत साठत गेले, बाहेर फारसे आलेच नाही. टोक शाबूत, एका पात्याला बारीक दात पडलेला.

टोकाने आपले काम चोख केले. पण शिरण्याचे भोक 2 इंची असते तर त्या पहिल्या वीस यार्डांत रक्त दिसले असते, हेही मला मान्य करायला हवे. पाऊस असता तर ही मादी सापडायला कदाचित दिवस गेला असता. इंडियन हेडच्या 82 आणि 91 मधले ते नऊ टक्के काल मी गुडघ्यांवर रांगताना पाहिले.

तरी फिक्स्ड सोडत नाही. आत गेलेले आहे, आता बाहेर काढायचे आहे. पुढचा बदल: 125 ग्रेनचे टोक, चार पात्यांचे, म्हणजे वजन पुढे जास्त आणि काप 2 इंचांच्या आसपास. टोक जड झाले की दांडा सोडताना जास्त वाकतो, त्यामुळे जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.

9 नोव्हेंबर, शनिवार

बायको पहिल्यांदा एकटी मचाणावर. संध्याकाळी एक मादी 28 यार्डांवर आडवी, पाच मिनिटे उभी होती. तिने धनुष्य ओढलेच नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "वीस म्हणजे वीस." बाण तिने रबरबँडवर पुन्हा तपासून डबीत ठेवला.

नवी 125 ग्रेनची टोके काल आली. पहिला गट 30 यार्डांवर: उजवीकडे 4 इंच. रेस्ट डावीकडे 1/32, उद्या पुन्हा.